‘अपडेट’ केलं, पण बदललं काहीच नाही : लिनक्सवर सॉफ्टवेअर येतं तरी कुठून?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत अपडेट थांबवले. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. फक्त त्यात सुरक्षेचं नवं भोक सापडलं तर ते बुजवायला आता कुणी येणार नव्हतं. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. माझा लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या पिढीचा प्रोसेसर असलेला. एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्या पोराने झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला, “मॅडम, हा अकरा नाही घेणार. नवीनच बघा.” विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्याकडे दोन्हीचा पत्ता नव्हता.

पण यंत्र ठणठणीत होतं. बॅटरी तेवढी मेलेली, ती वायर लावून चालवायची. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका काढायला आणि दोन-चार व्हिडिओ बघायला मला आणखी काय हवं होतं? पुण्याच्या भाच्याने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकटची प्रणाली, करून पाठवलं आणि फोनवर सांगत सांगत माझ्याकडूनच टाकून घेतलं. तासाभरात झालंही. अवघड ते असेल असं वाटलं होतं, पण माझा गोंधळ उडाला तो पुढचे दीड महिने, नवीन सॉफ्टवेअर टाकताना आणि असलेलं अपडेट करताना. त्या गोंधळातून जे कळलं ते इथे मांडते. संगणक क्षेत्रातल्या लोकांसाठी हा लेख नाही.

मिसळ तीच, हात वेगळा

लिनक्स हे खरं तर कर्नलचं नाव. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्या मधला कारभारी: मेमरी कुणाला किती, डिस्कवर कोण लिहिणार, हे ठरवणारा. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला त्याची घोषणा केली. नुसत्या कर्नलने पोट भरत नाही. त्याच्याभोवती खिडक्या, ब्राउझर, ऑफिस, छपाई असं सगळं जमवून जो तयार संच लोकांना दिला जातो त्याला डिस्ट्रो म्हणतात. मटकी, तर्री, फरसाण सगळीकडे असतं, तरी नाशिकच्या प्रत्येक मिसळवाल्याची चव वेगळी लागते. डिस्ट्रोचंही तसंच.

हे संच एकमेकांवर उभे असतात. माझं मिंट २२ उभं आहे उबंटू २४.०४ वर, आणि उबंटू उभं आहे १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियनवर. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं. म्हणून यापुढे मी जे सांगते ते या घराण्याबद्दल आहे. फेडोरासारख्या दुसऱ्या घराण्यांत आज्ञा वेगळ्या असतात, विचार तोच.

दुकान शोधत फिरायचं नाही

पहिल्याच दिवशी मी वीस वर्षांच्या सवयीने वागले. व्हिडिओ बघायला व्हीएलसी हवं होतं. ब्राउझर उघडला, नाव शोधलं, पहिल्या पानावरचं मोठं हिरवं बटण दाबलं. शेवटी ‘ईएक्सई’ असलेली, म्हणजे विंडोजसाठीची फाइल उतरली आणि तिच्यावर कितीही क्लिक केलं तरी ढिम्म. भाच्याला फोन. तो आधी हसला. “मावशी, बाहेर कशाला गेलीस? घरात दुकान आहे ना.”

हेच एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. विंडोजवर आपण प्रत्येक वस्तूसाठी वेगळ्या दारी जातो: व्हिडिओचं सॉफ्टवेअर एका कंपनीकडून, पीडीएफचं दुसरीकडून. शिवाय खरं दार कुठलं आणि भामट्याचं कुठलं हे आपणच ओळखायचं. लिनक्सवर रीत उलटी. डिस्ट्रो चालवणारे लोक हजारो सॉफ्टवेअर स्वतः घेतात, आपल्या संचात बसतील अशी बांधतात आणि एका कोठारात ठेवतात. या कोठाराला रिपॉझिटरी म्हणतात आणि त्यातल्या बांधलेल्या प्रत्येक पुडीला पॅकेज. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या कोठारात सत्तर हजारांच्या आसपास पॅकेजेस आहेत. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचं, नाव टाकायचं, ‘इन्स्टॉल’ दाबायचं. झालं.

“हे तर फोनवरच्या प्ले स्टोअरसारखं!” असं आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. बरोबर आहे, फक्त थोरला कोण ते लक्षात घ्या. कोठारातून पॅकेज आणणारं ‘ॲप्ट’ हे साधन डेबियनच्या संचात १९९९ मध्ये आलं, अँड्रॉइडचं दुकान २००८ मध्ये.

पूजेची यादी आणि वाड्यातला आड

व्हीएलसी निवडलं तर यंत्राने विचारलं: याच्यासोबत आणखी इतकी पॅकेजेस लागतील, टाकू का? मी घाबरून ‘नाही’ म्हटलं. मला वाटलं, फुकटात नको ते गळ्यात मारतायत. विंडोजवर असे टूलबार आणि अँटिव्हायरस फार वेळा गळ्यात पडलेत, त्यामुळे संशय रास्तच होता.

पण इथली गोष्ट वेगळी. गुरुजींना सत्यनारायण सांगितला की सोबत यादी येतेच: चौरंग, केळीचे खांब, विड्याची पानं, सुपाऱ्या, पंचामृत. प्रोग्रॅमलाही चित्र दाखवायला, आवाज काढायला, फाइल उलगडायला दुसऱ्या तयार तुकड्यांची गरज लागते. या गरजेला डिपेंडन्सी म्हणतात. ॲप्ट ती यादी वाचतं, घरात काय आधीच आहे ते बघतं आणि उरलेलंच आणतं. म्हणूनच पहिलं सॉफ्टवेअर टाकताना दहा-वीस गोष्टी येतात आणि पुढे पुढे यादी लहान होत जाते.

हे तुकडे सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक असतात. जुन्या नाशकातल्या वाड्यात आड एकच असायचा, पाणी सगळी बिऱ्हाडं भरायची. आड उपसून साफ केला की सगळ्यांचं पाणी एकदम स्वच्छ. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक उघड झालं. ते ओपनएसएसएल या सामाईक तुकड्यात होतं, ज्याच्या भरवशावर इंटरनेटवरची किती तरी सांकेतिक बोलणी चालतात. लिनक्सवर दुरुस्त पॅकेज आलं, ते एक बदललं आणि चालू प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की त्यावर विसंबलेली सगळी बिऱ्हाडं सुरक्षित. प्रत्येकाच्या दारात वेगळं जायला नको.

आडाचा तोटाही उघड आहे. एका बिऱ्हाडाला जुनं पाणी हवं आणि दुसऱ्याला नवं, तर करायचं काय? त्यावर उत्तर म्हणून फ्लॅटपॅक आलं. यात प्रोग्रॅम आपल्याला लागणारं सामान वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि वाड्याच्या आडाला हात लावत नाही. नावातच फ्लॅट आहे, हा योगायोग मला भारी आवडतो. फ्लॅट संस्कृती आली की जागा जास्त लागणारच: पहिलं फ्लॅटपॅक टाकलं तेव्हा एका छोट्या ॲपसोबत शेकडो एमबी उतरले आणि माझा त्या दिवसाचा डेटा संपला. उबंटू याच कामासाठी स्नॅप वापरतं. मिंटने मात्र २०२० पासून स्नॅप आपणहून बंद ठेवलंय. माझा नियम साधा: कोठारात पॅकेज असेल तर तेच, नसेल किंवा फारच जुनं असेल तरच फ्लॅटपॅक.

यादी वेगळी, माल वेगळा

आता मथळ्यातली गोष्ट. मला कुणी तरी सांगितलं होतं की टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, रोज ‘सुडो ॲप्ट अपडेट’ लिहायचं. (इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान.) ‘सुडो’ म्हणजे तेवढ्या कामापुरते मालकाचे अधिकार, त्यासाठी पासवर्ड मागतात. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर टिंबंसुद्धा उमटत नव्हती. मी समजले कीबोर्ड गेला, आणि दुसरा आणून जोडलाही. किती अक्षरांचा पासवर्ड आहे हेसुद्धा मागे उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून तसं असतं. टाइप करत राहायचं आणि एंटर मारायचं.

तर तीन आठवडे मी रोज सकाळी चहासोबत ही आज्ञा देत होते. भराभर ओळी जायच्या, शेवटी यायचं: ‘१४३ पॅकेजेस कॅन बी अपग्रेडेड’. मी समाधानाने खिडकी बंद करायची. आकडा रोज वाढतोय याचं मला कौतुकच वाटत होतं.

दिंडोरी रोडच्या बाजार समितीतून आज कांद्याचा भाव काय निघाला हे फोनवर विचारलं, म्हणून पोतं घरी येत नाही. ‘अपडेट’ म्हणजे भाव विचारणं: कोठारात कुठलं पॅकेज कितव्या आवृत्तीला पोचलंय याची ताजी यादी आणणं. माल आणायचा तर ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. दोन शब्द, दोन कामं, आणि त्याच क्रमाने. यादी शिळी असेल तर ॲप्टला नवा माल आल्याचं कळणारच नाही. ज्याने ही नावं ठेवली त्याने नवशिक्याचा विचार केला नाही, असं माझं मत आहे. इतर सगळीकडे ‘अपडेट’ म्हणजे नवीन होणं, इथेच फक्त यादी.

मिंटमध्ये हे दोन्ही करणारं ‘अपडेट मॅनेजर’ आहे, खालच्या पट्टीत ढालीचं चित्र दिसतं तेच. मला ते दिसत होतं. मला वाटलं, अँटिव्हायरस असेल.

एक मात्र सुखाचं. अपडेट चालू असताना काम थांबत नाही. चालू प्रोग्रॅमने उघडलेली जुनी फाइल त्याच्याकडे तशीच राहते, नवी तिच्या जागी बसते, आणि प्रोग्रॅम पुढच्या वेळी उघडला की नवी घेतो. यंत्र बंद-चालू करावं लागतं ते मुख्यतः कर्नल बदललं तर, आणि तेही आपल्या सोयीने. शिवाय जुनं कर्नल लगेच फेकून देत नाहीत. नव्याने दगा दिला तर सुरू होतानाच्या यादीतून जुनं निवडता येतं.

कुलूप, आणि अर्ध्यातच गेलेली लाइट

नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारा संदेश: ‘कुड नॉट गेट लॉक’. ढालवालं मॅनेजर मागे काम करत असतं आणि आपण टर्मिनलमध्ये दुसरी आज्ञा देतो, तेव्हा हा येतो. कुठलं पॅकेज टाकलंय याची वही एकच असते. पेढीवरच्या रोजमेळात दोन मुनीम एकाच वेळी लिहायला लागले तर हिशोबाचं काय होईल? म्हणून एकाने हातात घेतली की वहीला कुलूप. पाच-दहा मिनिटं थांबायचं, एवढाच उपाय. कुलपाची फाइलच उडवा असा सल्ला सर्रास मिळतो. पहिलं काम खरंच चालू असताना ती उडवली तर वही फाटते.

दुसरा प्रसंग जूनमधला. वळवाचा पाऊस, एकशे साठ पॅकेजेसचं अपग्रेड चालू, आणि आमच्या भागातली लाइट गेली. बॅटरी मेलेली असल्याचं वर सांगितलंच आहे. लाइट आल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण काहीही टाकायला गेले की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’. डीपीकेजी म्हणजे पुडी फोडून सामान जागच्या जागी लावणारा गडी. ॲप्ट फक्त माल ठरवतं आणि आणतं. गडी अर्ध्यात थांबला होता. गंमत म्हणजे कुठली आज्ञा दिली की तो उरलेलं काम पुरं करेल, ते त्याच संदेशात लिहिलेलं असतं. मी तो न वाचता घाबरून बसले होते. तेव्हापासून संदेश शेवटच्या शब्दापर्यंत वाचते, आणि आभाळ भरलेलं असताना अपग्रेडला हात लावत नाही.

इथलं सॉफ्टवेअर जुनं का असतं?

हा आक्षेप खरा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर नवी आवृत्ती दिसते आणि कोठारात वर्ष-दीड वर्षापूर्वीची. कारण उबंटूची दर दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती निघाली की तिच्यातल्या बहुतेक पॅकेजेसची आवृत्ती गोठवतात. पुढची पाच वर्षं नवी वैशिष्ट्यं नाहीत, फक्त दुरुस्त्या. नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती काढून जुनीला लावतात. आजीची गोधडी आठवा: कापड तेच, फाटलं तिथे ठिगळ. म्हणून नुसता आवृत्तीचा आकडा बघून ‘हे असुरक्षित’ म्हणता येत नाही. ब्राउझरला मात्र यातून सूट, तो नवा नवाच येत राहतो.

नव्याचा हव्यास मलाही झाला होता. एका कंपनीच्या प्रिंटरचं पॅकेज मी बाहेरून उतरवून घेतलं आणि टर्मिनलमधून थेट डीपीकेजीला दिलं. ते लिनक्सच्या बऱ्याच जुन्या संचासाठी बांधलेलं निघालं. त्याला हवे असलेले तुकडे माझ्या कोठारात नव्हतेच, तरी ते अर्धवट बसलं, आणि मग ॲप्ट हटून बसलं: आधी ही घाण काढा, मग पुढचं बोला. ‘फिक्स ब्रोकन’ नावाच्या आज्ञेने ते निघालं. नंतर कळलं, प्रिंटर वायफायवर होता आणि मिंटला तो आपोआप दिसत होता. बाहेरचं काही लागतच नव्हतं.

अशा उद्योगांआधी ‘टाइमशिफ्ट’ लावून ठेवा. ते प्रणालीची प्रत काढून ठेवतं आणि बिघडलं तर मागच्या तारखेला नेऊन ठेवतं. तुमची कागदपत्रं आणि फोटो मात्र ते सहसा सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवायची.

फुकट आहे, मग विश्वास कसा ठेवायचा?

आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात. ती नोट तुम्हाला बँकेतून मिळो की भाजीवालीकडून, तुम्ही देणाऱ्याचं तोंड बघत नाही, उजेडात धरून नोट बघता. कोठाराचंही तसंच. त्याच्या नकला जगभरच्या सर्व्हरवर असतात आणि माल कुठूनही येऊ शकतो. पण कोठाराच्या यादीवर डिस्ट्रोची डिजिटल सही असते, आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा, म्हणजे त्याच्या मजकुरातून गणिताने काढलेला आकडा. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट माल नाकारतं.

हे दुकानातल्या मालाचं. दुकानाची पाटीच कुणी बदलली तर? २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणी तरी डाउनलोडचा दुवा फिरवला, आणि त्या दिवशी तिथून एक विशिष्ट आवृत्ती उतरवणाऱ्यांना चोरवाट असलेला संच मिळाला. आधीपासून मिंट वापरणारे आणि कोठारातून अपडेट घेणारे त्यात सापडले नाहीत. म्हणून पेनड्राइव्ह बनवण्याआधी उतरवलेल्या फाइलचा ठसा ताडून बघावा. माझ्यासाठी ते भाच्याने केलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आणि माल बनवणाराच फितूर निघाला तर? तेही घडलंय. एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जिया टॅन’ नाव लावणाऱ्या एकाने दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीने काम करून विश्वास कमावला आणि मग आत चोरवाट ठेवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्याच कामात दिसलं की दूरच्या संगणकात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मागे लागला आणि २९ मार्चला त्याने प्रकरण जाहीर केलं. तोवर तो माल डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या संचांत पोचला होता, लोक रोज वापरतात त्या स्थिर संचांत नाही. वर ज्या जुनेपणाची तक्रार केली, त्यानेच इथे वाचवलं. नशीबही होतं यात, नाही म्हणत नाही.

टर्मिनल शिकावंच लागतं का?

नाही. मिंटमध्ये दुकान आणि ढाल एवढ्यावर वर्ष निघेल. टर्मिनल उपयोगी पडतं ते अडल्यावर, कारण तिथे यंत्र काय झालं ते सविस्तर सांगतं. फक्त कुठूनही उचललेली, ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा न समजता चिकटवू नका. कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखं आहे ते.

मग घरातले सगळे संगणक बदलायचे का?

आमच्याकडे नाही बदलले. यजमानांच्या दुकानातला हिशोब टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजसाठी बनतं. तो संगणक आम्ही नवा घेतला. रविवार कारंजाजवळ ज्यांच्याकडे आम्ही पत्रिका छापतो, त्यांचं सगळं काम श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर. त्यांनी उत्साहाने माझ्याकडून पेनड्राइव्ह नेला आणि दोन दिवसांत परत आणून दिला. तीस वर्षांच्या पत्रिका उघडेनात. त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात नाहीत, हा दोष लिनक्सचा नाही, पण त्यांना त्याचं काय?

युनिकोडमधलं मराठी मात्र इथे छान चालतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडता येतो, आणि देवनागरी फाँट कोठारातच आहेत, लोहित त्यातलाच एक. हा लेख त्याच २०१५ च्या लॅपटॉपवर लिहिलाय. एम. जी. रोडवरच्या त्या पोराने परवा तो पुन्हा पाहिला, बॅटरी बदलायला नेला तेव्हा. चालू करून थोडा वेळ इकडे तिकडे क्लिक करत बसला आणि मग हळूच म्हणाला, “मॅडम, तो पेनड्राइव्ह आहे का अजून?”